विश्लेषण : फुलांशिवायही बाग देखणी कशी राहते? एडवर्डियन बागांचा हिवाळा आणि विसरवाडीचे अंगण

धुळ्याकडून सुरतेला जाताना कोंडाईबारी घाट उतरला की नवापूर तालुक्यातील विसरवाडी लागते. पौष-माघात या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे रंग उतरत जातात. गवत वाळून पिवळे पडते, सागाच्या पानांची जाळी होते, तुरीच्या शेंगा वाळून खळखळू लागतात. गावातील अंगणात मात्र याच दिवसांत झेंडू, शेवंती फुललेली असते. मार्च उजाडला की ती सुकते आणि पहिल्या पावसापर्यंत अंगण ओसाड होते. ‘बाग म्हणजे फुले’ असे धरले की वर्षातले तीन-चार महिने बाग नसतेच. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील बागकामापुढेही हाच प्रश्न होता, फक्त त्यांचा ओसाड हंगाम हिवाळ्याचा होता. त्या प्रश्नाचे जे उत्तर तिथे सापडले ते ‘एडवर्डियन बाग’ या नावाने ओळखले जाते. ते उत्तर काय होते, भारतात ते कसे आले आणि नंदुरबार जिल्ह्यातील एका अंगणाला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

एडवर्डियन बाग म्हणजे नेमके काय?

ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड १९०१ मध्ये गादीवर आला आणि मे १९१० मध्ये त्याचे निधन झाले. या काळातील, आणि पुढे १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंतच्या घरांना व बागांना एडवर्डियन म्हणतात. या बागेची ओळख तीन गोष्टींवरून पटते. पहिली, तिची आखणी सरळ आणि नेटकी असते. दगडी पायवाटा, बुटक्या भिंती, छाटलेली कुंपणे, वेलींचे मांडव, पाण्याचे एखादे कुंड. दुसरी, या नेटक्या चौकटीत झाडे मात्र मोकळेपणाने, एकमेकांत मिसळून, दाट लावलेली असतात. तिसरी, बाग एका नजरेत दिसत नाही. कुंपणांनी तिचे खोल्यांसारखे भाग पाडलेले असतात आणि एकातून दुसऱ्यात जावे लागते. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधील हिडकोट ही बाग याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. लॉरेन्स जॉन्स्टन यांनी ती १९०७ नंतरच्या वर्षांत घडवली आणि १९४८ पासून ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आहे.

त्याआधीच्या बागांत काय बिघडले होते?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात श्रीमंतांच्या बागांत गालिचा पद्धतीच्या ताटव्यांची चलती होती. काचघरात हजारो रोपे वाढवायची, ती उन्हाळ्यात नक्षीदार वाफ्यांत एकाच उंचीवर लावायची आणि हंगाम संपला की उपटून टाकायची. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचा भडक गालिचा दोन-तीन महिने डोळे दिपवत असे. त्यानंतर उरायची ती उकरलेली माती. काचघरे उबदार ठेवायला कोळसा लागे आणि रोपे बदलायला माळ्यांचा ताफा लागे.

याविरुद्ध सर्वात कडक टीका विल्यम रॉबिन्सन यांनी केली. त्यांचे ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक १८७० मध्ये आले आणि ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ १८८३ मध्ये. आपल्या हवामानात तगणारी, दरवर्षी पुन्हा उगवणारी झाडे लावा आणि त्यांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे वाढू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. उलट बाजूने रेजिनाल्ड ब्लॉमफिल्ड या वास्तुविशारदाने १८९२ मध्ये आखीव बागेची बाजू मांडली. बाग हा घराचाच भाग आहे, त्यामुळे तिला भिंती, पायऱ्या आणि सरळ रेषा हव्यातच, असा त्यांचा आग्रह होता. हा वाद बराच गाजला. एडवर्डियन बागेने दोघांचेही म्हणणे घेतले. सांगाडा आखीव ठेवला आणि झाडी मोकळी सोडली.

गर्ट्रूड जेकिल आणि एडविन लट्यन्स यांचे नाव का घेतले जाते?

हा समझोता जमिनीवर आणला तो या दोघांनी. १८८९ मध्ये त्यांची भेट झाली तेव्हा लट्यन्स वीस वर्षांचे होते आणि जेकिल पंचेचाळीस वर्षांच्या. जेकिल यांचे शिक्षण चित्रकलेचे. पुढे दृष्टी अधू होत गेल्याने बारीक काम सोडावे लागले आणि त्यांनी आपली रंगांची जाण बागेकडे वळवली. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ४०० बागांचे आराखडे केले. लट्यन्स यांनी घर, भिंती, पायऱ्या आखायच्या आणि जेकिल यांनी त्यात लागवड करायची, अशी कामाची वाटणी अनेक ठिकाणी झाली.

सॉमरसेटमधील हेस्टरकोम ही बाग त्यांच्या चांगल्या कामांपैकी मानली जाते. १९०४ ते १९०८ या काळात ती उभी राहिली. तिथे परिसरातीलच दगड वापरला आहे. खोलगट चौकोनी बाग, तिच्या कडेने पाण्याचे अरुंद पाट आणि एका टोकाला लांबलचक मांडव अशी तिची रचना आहे. पुढे ही जागा अग्निशमन दलाच्या कार्यालयासाठी वापरली गेली आणि बागेची रया गेली. १९७३ पासून तिची दुरुस्ती सुरू झाली. रोपे ठेवण्याच्या खोलीत सापडलेले जेकिल यांचे जुने लागवडीचे नकाशे त्यासाठी कामी आले. फुलझाडे कधीच मेली होती. दगडी चौकट मात्र जागेवर होती, म्हणून बाग परत उभी करता आली.

हिवाळ्यात या बागेत पाहण्यासारखे काय असते?

इंग्लंडमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो. बहुतेक झाडांची पाने गळालेली असतात. अशा वेळी एडवर्डियन बागेत पुढे येतो तो तिचा सांगाडा. ‘यू’ नावाच्या सदाहरित झाडाची छाटलेली काळपट हिरवी कुंपणे भिंतीसारखी उभी असतात. ‘बीच’ या झाडाच्या कुंपणावर वाळलेली तांबूस पाने वसंतापर्यंत टिकून राहतात. सकाळी दव गोठते तेव्हा प्रत्येक कडेवर पांढरी किनार चढते आणि उन्हाळ्यात फुलांनी झाकलेली आखणी स्पष्ट दिसू लागते.

अनेक बागांत वाळलेली बोंडे आणि गवताचे तुरे थंडीभर कापत नाहीत. पक्ष्यांना त्यात दाणे मिळतात, किड्यांना आसरा मिळतो आणि त्यांच्यावर साचलेले दव उन्हात चमकते. फुले अगदीच नसतात असे नाही. स्नोड्रॉपची पांढरी, खाली झुकलेली फुले, हेलेबोर, पिवळी हिवाळी जाई अशी मोजकी फुले येतात आणि एरवी दुर्लक्षित झाली असती ती आता लक्ष वेधून घेतात. या बागेचा साधेपणा हाच आहे. कमी वस्तू, पण प्रत्येक वस्तू आपल्या जागी.

यात सूर्याचाही वाटा आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. त्यामुळे सहा फूट उंच कुंपणाची दुपारची सावली जवळपास २२ फूट लांब पडते. हिरवळीवर पसरलेल्या या लांब सावल्या म्हणजे बागेतील जणू दुसरी नक्षी. कुंपण कुठे लावायचे, हे ठरवताना सावली कुठे पडेल याचाही विचार होत असे.

ही शैली भारतात आली का?

आली, पण बरीच बदलून. महाराष्ट्रात ब्रिटिशकालीन बागकामाचे मोठे केंद्र पुणे होते. गणेशखिंड येथील वनस्पती उद्यान १८७३ मधले. २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गणेशखिंडच्या बागांचे काम पाहणाऱ्या जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी भारतातील बागकामावर पुस्तक लिहिले आणि १९१० मध्ये, म्हणजे नेमक्या एडवर्डच्या काळाच्या अखेरीस, त्याची उष्ण प्रदेशांसाठी बेतलेली आवृत्ती निघाली. पुण्यातील एम्प्रेस गार्डन ३९ एकरांवर आहे. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ते सांभाळते आणि दरवर्षी जानेवारीत तिथे भरणारे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या सवयीचे झाले आहे.

शैलीचे थेट नाते सांगायचे तर दिल्लीकडे पाहावे लागते. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि व्हाइसरॉयच्या निवासस्थानाचे काम लट्यन्स यांच्याकडे आले. आजच्या राष्ट्रपती भवनामागची बाग त्यांनीच आखली. मोगल चारबागेतील पाण्याचे पाट आणि इंग्रजी पद्धतीचे फुलांचे वाफे यांची तिथे सांगड घातलेली आहे. लागवड विल्यम मस्टो यांच्या देखरेखीखाली १९२८-२९ च्या सुमारास झाली. जानेवारी २०२३ मध्ये या बागेचे नाव ‘अमृत उद्यान’ झाले. ती लोकांसाठी खुली होते ती प्रामुख्याने हिवाळ्याच्या शेवटी, कारण तिचा बहर तेव्हाच असतो. ज्या वास्तुविशारदाच्या इंग्लंडमधील बागा हिवाळ्यात फुलांविना उभ्या असतात, त्याचीच दिल्लीतील बाग त्याच हंगामात फुलांनी भरते.

विसरवाडीचा मुलूख त्या काळात कसा होता?

याच काळात, १९०६ मध्ये, जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. नंदुरबार, नवापूरचा भाग पश्चिम खानदेशात गेला. पुढे तो धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सुरतेहून नवापूर, नंदुरबारमार्गे जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली होती. पुणे, महाबळेश्वर, माथेरानला साहेबांचे बंगले आणि त्यांच्या बागा होत्या. इथे जंगल होते आणि जंगलाच्या कडेने राहणारे मावची, भिल्ल, गावित लोक होते. त्यामुळे विसरवाडीत एडवर्डियन बाग शोधायला जाण्यात अर्थ नाही. शोधायचा तो त्या बागेमागचा विचार, आणि तो मात्र इथे वेगळ्या रूपात सापडतो.

आपल्याकडे हंगामांचे गणित उलटे का पडते?

पेटुनिया, फ्लॉक्स, अॅस्टर, डेलिया, पॅन्झी ही फुले इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात फुलतात. आपल्याकडे त्यांचे बी पावसाळा ओसरताना पेरतात आणि फुले डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. कारण सरळ आहे. त्यांना मानवणारे सौम्य ऊन आणि थंड रात्री आपल्याकडे हिवाळ्यातच मिळतात. नंदुरबार जिल्ह्यात थंडी चांगली जाणवते. थंडीच्या लाटेत सातपुड्यातील डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्याही येतात. पण ही थंडी थोड्या दिवसांची असते. झाडांची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, जेव्हा विहिरी खाली जातात आणि माती तापते.

म्हणजे इंग्लंडच्या हिवाळ्याची जागा आपल्याकडे उन्हाळा घेतो. आपल्या बागेचा सांगाडा उन्हाळ्यासाठी हवा. इथे सूर्याचा हिशेब पुन्हा महत्त्वाचा ठरतो. विसरवाडीत डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो आणि सहा फुटांच्या कुंपणाची सावली सहा फूटच पडते. मेच्या अखेरीस तर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीही नाहीशी होते. अशा वेळी कुंपण कितीही उंच असले तरी भर दुपारी सावली देत नाही. सावली देते ते वरचे छत, म्हणजे झाडाचा विस्तार किंवा मांडव. इंग्रजी बागेचा सांगाडा भिंतींचा असतो. खानदेशातील बागेला आधी छप्पर लागते. पुस्तकातील चित्र पाहून कुंपण आणि हिरवळ उचलली आणि छप्पर विसरले, की बाग मेमध्ये करपते.

असा सांगाडा या परिसरात आधीपासून आहे का?

आहे, फक्त त्याला कोणी बाग म्हणत नाही. घरामागच्या परसात बांबूच्या मांडवावर वालाचा किंवा दुधीचा वेल चढवलेला असतो. जेकिल आणि लट्यन्स यांच्या बागांतील मांडव दगडी खांबांवर उभे राहत. कल्पना तीच आहे, इथे तो पोटाला भाजीही देतो. बांबूच्या कामट्यांचे किंवा काटेरी फांद्यांचे कुंपण, सारवलेले अंगण, दारापासून रस्त्यापर्यंतची सरळ पायवाट, कडेला एखादे कडुलिंबाचे किंवा आंब्याचे जुने झाड. आखणी आणि सावली दोन्ही आहेत.

एडवर्डियन बागेमागे ब्रिटनमधील हस्तकला चळवळीचा विचार होता. जवळचा दगड, जवळचे लाकूड, गावचे कारागीर वापरा, म्हणजे बांधकाम त्या जागेचे वाटेल, असे ही चळवळ सांगे. हा निकष लावला तर आयात केलेल्या फरशा आणि प्लास्टिकचे गवत यांच्यापेक्षा काळा दगड, मुरूम आणि बांबू हेच या विचाराला जवळचे आहेत.

इथल्या रानातही हिवाळ्याचा सांगाडा दिसतो. सागाच्या शेंड्यांवर वाळलेल्या फळांचे घोस राहतात. बहाव्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा लोंबत असतात. शिरीषाच्या फिकट शेंगा वाऱ्यावर वाजतात. काटेसावर पाने टाकून उघडी होते आणि मग लाल फुलांनी भरते. पाठोपाठ पळस फुलतो. हिवाळ्यात उघडा पडलेला देवचाफा तर आकारासाठीच पाहावा. त्याच्या जाड, वळणदार फांद्या कुठल्याही छाटलेल्या कुंपणाइतक्याच ठसठशीत दिसतात.

अंगणात प्रत्यक्ष काय करता येईल?

पहिल्यांदा फुले नव्हे, चौकट ठरवावी. दारापासून फाटकापर्यंत एक सरळ वाट, तिच्या दोन्ही कडांना जमिनीलगत बसवलेले काळे दगड. वाटेच्या टोकाला नजर थांबेल अशी एक वस्तू. इंग्रजी बागेत तिथे दगडी बाक किंवा सूर्यघड्याळ असते. आपल्याकडे तुळशी वृंदावन, पाण्याचे दगडी कुंड किंवा पार बांधलेले झाड हे काम जास्त चांगले करते.

दुसरी गोष्ट छत. अंगणाच्या पश्चिमेला कडुलिंब किंवा करंज लावला तर दुपारनंतरचे ऊन अडते. ही दोन्ही झाडे ऐन उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी धरतात. झाड मोठे होईपर्यंत बांबूचा मांडव घालावा. त्यावरचा वालाचा वेल फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळतो. तो लगेच ओढून न काढता तसाच ठेवून वर पेंढा किंवा पळसाच्या फांद्या टाकल्या, तर जूनपर्यंत सावली मिळते. कायमच्या वेलीसाठी मधुमालती चालते.

तिसरी गोष्ट कुंपण. मेंदी कमी पाण्यावर तगते आणि छाटणी सोसते. अडुळसा आणि निर्गुंडी यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे जनावरांच्या वाटेवर ती बरी. छाटणी पावसाळ्यात करावी, म्हणजे नवी फूट येऊन कुंपण दाट होते आणि हिवाळ्यात त्याच्या कडा रेखीव दिसतात. उंची कमरेएवढी पुरे. शेराचे कुंपण टिकाऊ असते, पण त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. लहान मुले असलेल्या घरात आणि शाळेत ते टाळलेले बरे.

फुलांचा क्रमांक यानंतर. कोरांटी थंडीत फुलते आणि दरवर्षी नवे रोप आणावे लागत नाही. अबोली, शेवंती, जास्वंद यांच्या जोडीला झेंडू आहेच. हंगामी फुले सगळ्या अंगणभर न पसरता वाटेच्या कडेला एकाच पट्ट्यात लावली तर पाणी वाचते आणि ती सुकल्यावर अंगण उजाड दिसत नाही. वाळलेली बोंडे महिनाभर तशीच ठेवावीत. चिमण्या, मुनिया दाणे टिपायला येतात आणि पुढच्या वर्षीचे बीही घरचेच मिळते.

पाण्याचे काय?

या सगळ्याचा कस इथेच लागतो. हिरवळ म्हणजे लॉन हा इंग्रजी बागेचा सर्वात ओळखीचा भाग आहे, पण तो तिथल्या वर्षभराच्या ओलाव्यावर जगतो. आपल्याकडे ती उन्हाळ्यात रोज पाणी मागते. गावात पिण्याच्या पाण्यासाठी फेऱ्या घालाव्या लागत असताना हिरवळीला पाणी देणे कोणालाच पटणार नाही, आणि ते सुचवण्याचे कारणही नाही. त्या जागी सारवलेले किंवा चोपलेल्या मुरमाचे अंगण ठेवावे. मोकळी, स्वच्छ जागा हेच हिरवळीचे बागेतील काम असते आणि ते अंगण करते.

भांडी, भाज्या धुतलेले पाणी थेट झाडांच्या आळ्यात सोडता येते. सर्वात मोठी बचत पालापाचोळ्याने होते. सागाची, कडुलिंबाची गळालेली पाने झाडांच्या बुंध्याभोवती चार बोटे जाडीने पसरली तर मातीतील ओल टिकते. थोडी जागा खोडाभोवती मोकळी सोडावी, म्हणजे खोड कुजत नाही. हीच पाने पेटवून दिली तर धूर होतो, जमीन उघडी पडते आणि फुकटचे खतही जाते.

या शैलीतून काय घेऊ नये?

परदेशी झुडपे शोभेसाठी आणून मोकळी सोडण्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. घाणेरी किंवा टणटणी हे रंगीबेरंगी फुलांचे झुडूप १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून भारतात आले आणि बागांतून निसटून जंगलात पसरले. तिच्या दाट जाळीखाली गवत आणि इतर रोपे वाढत नाहीत, गुरांना चारा मिळत नाही. ज्यांचे जगणे रानातील चारा, तेंदूपत्ता, मोह यांवर आहे त्यांना बागेतील ही चूक थेट भोवते. ब्रिटनलाही असाच अनुभव आला आहे. शोभेसाठी आणलेल्या जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनने तिथल्या अनेक जंगलांत जागा बळकावली आहे.

आजचे उदाहरण कोनोकार्पसचे. झटपट हिरवे होते म्हणून ही झाडे रस्त्यांच्या कडेला आणि सोसायट्यांत लावली गेली. विसरवाडीपासून जवळच असलेल्या गुजरातने २०२३ मध्ये त्यांच्या लागवडीवर बंदी घातली. रोपवाटिकेतून कुंपणासाठी रोप घेताना ‘लवकर वाढते का’ या प्रश्नाआधी ‘आवारात राहते का’ हे विचारायला हवे.

आणि एक गोष्ट मनुष्यबळाची. एडवर्डियन बागा साध्या दिसत असल्या तरी मोठ्या घरांच्या बागांमागे माळ्यांची फौज राबत होती आणि त्यामागे साम्राज्याचा पैसा होता. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हे माळी सैन्यात गेले. कॉर्नवॉलमधील हेलिगन या बागेच्या एका खोलीच्या भिंतीवर तिथल्या माळ्यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये पेन्सिलीने आपली नावे लिहून ठेवली होती. त्यातील अनेक जण परत आले नाहीत. बाग रानाखाली गाडली गेली आणि १९९०च्या दशकात पुन्हा मोकळी करण्यात आली. त्या पडझडीतून तगल्या त्या भिंती, वाटा आणि जुनी झाडे.

मग विसरवाडीत सुरुवात कधी करावी?

पाहणीसाठी आत्ताचे दिवस चांगले आहेत. पाने उतरली की अंगणाची खरी आखणी दिसते. वाट कुठे वाकडी आहे, कोपरा कुठे रिकामा आहे, दुपारी ऊन कुठून येते, हे हिवाळ्यातच टिपून ठेवावे. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी एकदा पुन्हा उभे राहून सावली कुठे हवी ते पाहावे आणि तिथे खड्डा घेऊन ठेवावा. झाड लावायचे ते पहिल्या दमदार पावसानंतर. शाळेचे आवार, ग्रामपंचायतीसमोरची जागा, दवाखान्याचे कुंपण इथेही हाच क्रम लागू पडतो. वृक्षारोपणाच्या दिवशी घाईने लावलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यात जातात, कारण त्यांची जागा सावली आणि पाण्याचा विचार न करता ठरलेली असते.

झेंडू, शेवंतीचे वाफे पुढच्या मार्चमध्येही सुकतीलच. त्या वेळी अंगणात सरळ वाट, छाटलेली मेंदी, मांडवाखालची सावली आणि कडुलिंबाची कोवळी पालवी असेल, तर पहिल्या पावसापर्यंतचे ते तीन महिने अंगण ओसाड वाटणार नाही.